तीन नंबर

शुक्रवारी वागळे इस्टेट बंद असते.
प्रेस गप्प, चहावाला गावाला,
रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं आडवं,
आणि माझ्या गाळ्याचं शटर अर्धं वर.
आत गेजांच्या कपाटाला नाक लावून
सहा वर्षांचं विमान, पंखांशिवाय.
पंख कळव्याला आहेत, भाच्याच्या गॅरेजात,
त्याची स्कूटर तेव्हापासून बाहेर भिजते.

मागच्या आवारात, शेपूट खांबाला बांधून,
इंजिन चालवलं.
एक, दोन, चार नंबर एकशे नव्वदच्या आसपास,
शहाण्या मुलांसारखे.
तीन नंबर दोनशे अठ्ठावीस, आणि चढतोच आहे.

मी जन्मभर लोकांचे काटे तपासले,
म्हणून पहिला संशय काट्यावर.
एकाचा प्रोब तिनाला लावला, तिनाचा एकाला.
ताप तिथेच राहिला.
म्हणजे काटा खरं बोलत होता.
अशा वेळी काट्याचा राग येतो
आणि थोडा अभिमानही वाटतो.

मग निजाम तांबोळीला बोलावलं.
एसीचे डक्ट बनवतो तो, मूळचा मिरजेचा,
विमानात कधी बसलेला नाही.
हात मागे बांधून इंजिनाभोवती फिरला,
पोरीसाठी स्थळ बघायला आल्यासारखा.
"वारा लई आळशी, बाई," म्हणाला,
"ढकलल्याबिगर कुणाचं काम करत नाही.
फट घावली की पसार."

दिवे घालवले. झाकणाच्या आत एक बल्ब सोडला,
आणि पुढच्या भोकांतून आम्ही दोघं आळीपाळीनं बघत बसलो,
कुठे कुठे उजेड गळतो ते.
अकरा ठिकाणी.
जुन्या लग्नपत्रिकांचे साचे कापले
(एकीवरचा गणपती अजून साच्यावर आहे),
साच्यावरून पत्रा, पत्र्यावर रबराची पट्टी,
कोपऱ्यांत लाल सिलिकॉन, बोटाने चोपडलेलं.
बारा वाजता अंधार पुरा झाला.

पुढच्या शुक्रवारी बाकीचे तिघे दहा-दहानं उतरले.
तीन नंबर दोनशे एकवीस.

निजाम काही बोलला नाही.
माझं फीलर गेज मागून घेतलं,
सगळ्यात पातळ पात काढली,
आणि तिसऱ्या सिलिंडरच्या पाठीशी, पत्रा आणि पाकळ्यांच्या मध्ये
सरकवून पाहिली.
जाईना.

"हितं तर गळाच दाबलाय त्याचा.
आपण समदीकडं बंद करत सुटलो,
हितं उघडायला पायजे."

तो पत्रा मी बसवला होता.
तीन रात्री कानस मारून, पाकळ्यांना अगदी चिकटवून.
घट्ट बसलं की मला बरं वाटतं, पहिल्यापासून;
डबे, कड्या, चाळीस वर्षांतले सगळे गेज,
बोलणीसुद्धा.
मी चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

त्यानं पत्रा उतरवला, वाळूच्या पिशवीवर ठेवला,
लाकडी हातोडीनं हळूहळू पोट काढलं त्याला,
चहाच्या बशीएवढं, बोटाच्या पेराएवढं खोल.
परत बसवल्यावर पाकळ्यांमागे
बिनकामाची दिसणारी एक पोकळी.

दोनशे तीन.
दहा मिनिटं. बारा मिनिटं. दोनशे तीन.
पेढे मी आणले नव्हते, म्हणून कुणी खाल्ले नाहीत.

पैसे घेईना. शेवटी पात्यांची जुनी जोडी घेतली,
आणि जाताना आदत म्हणून मार्कर काढला:
डक्टच्या आतल्या अंगाला ते लोक लिहितात तसा
जॉब नंबर, तारीख, "तांबोळी",
आणि त्याखाली मोबाइल नंबर.
"वर काय झालं तर," म्हणाला.

परवाने यायचे आहेत अजून.
पंख यायचे आहेत.
झाकण बसवताना मी तो नंबर दरवेळी वाचते,
शेवटचा आकडा सात आहे की एक
ते नीट लागत नाही.